भेग, पाणी आणि सोने

कित्येक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी ज्या महाविद्यालयात भूशास्त्र शिकवीत असे, तेथील गणिताच्या एका प्राध्यापकांचा एकुलता मुलगा अपघातात गेला. चौथ्या-पाचव्या दिवशी मी त्यांच्या घरी भेटावयास गेलो. बोलण्यासारखे काहीच नव्हते. आणि बोलण्यासारखे काही नसते तेव्हाच माणूस नको तेवढे बोलतो. माझ्या विषयातला एक दाखला मी तोपर्यंत अनेक निरोपसमारंभांत आणि सत्कारांत वापरला होता. भूकवचाला तडा गेल्यावाचून सोन्याची शीर तयार होत नाही, हा तो दाखला. श्रोत्यांना तो आवडत असे. त्या दिवशीही मी तोच दिला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग वर्गात विद्यार्थ्याचे उदाहरण तपासावे तशा शांत आवाजात त्यांनी विचारले, “सर, प्रत्येक तड्यात सोनं सापडतं का हो?”

मी गप्प राहिलो. उत्तर मला येत नव्हते असे नाही. ते माझ्या विषयाच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातच होते. पण ते खरे उत्तर दिले असते, तर माझे सांत्वन तेथेच कोसळले असते. म्हणून मी चहा घेतला आणि निघालो. त्यांचा प्रश्न मात्र माझ्यासोबत घरी आला. आज निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी त्याचे उत्तर लिहावयास बसलो आहे. प्रश्न दिसतो भूशास्त्राचा; पण तो विचारला गेला एका बापाकडून, आणि त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला होता. नाशातून पुढे काही मोलाचे निष्पन्न झाले, तर त्यामुळे तो नाश समर्थनीय ठरतो काय? आणि तसे निष्पन्न होईलच, असे दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार कोणाला आहे?

प्रथम शब्दांविषयी. शाळेच्या भूगोलात ज्याला आपण ‘प्रस्तरभंग’ म्हणून शिकलो, त्याला शास्त्रीय लिखाणात ‘विभंग’ असेही म्हणतात आणि ‘भ्रंश’ असेही म्हणतात. यांपैकी भ्रंश हा शब्द मला अधिक अर्थपूर्ण वाटतो. बुद्धिभ्रंश, शीलभ्रंश, पदभ्रंश असे शब्द आपण नेहमी वापरतो. जे जेथे असावयास हवे तेथून ते ढळले, असा त्या सर्वांचा अर्थ. भूशास्त्रातही नेमके हेच अभिप्रेत असते. खडकाला नुसती चीर गेली आणि दोन्ही बाजू जागच्या जागी राहिल्या, तर त्याला भ्रंश म्हणत नाहीत. चिरेच्या दोन्ही अंगांचे खडक एकमेकांच्या मानाने सरकले, वर गेले, खाली बसले किंवा आडवे घसरले, म्हणजे तो भ्रंश. एकदा असे झाले की कालपर्यंत सलग असलेला थर पुन्हा समोरासमोर जुळत नाही. घरातले माणूस गेल्यावर घराचे जे होते, त्याला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

अशा भ्रंशाचा आणि धातूंच्या शिरांचा संबंध माणसाला उशिरा कळला. शीर ही खडकाबरोबरच जन्माला आली, किंवा झाडाच्या मुळासारखी ती पृथ्वीच्या पोटातून वाढत येते, अशा समजुती दीर्घकाळ होत्या. सोळाव्या शतकात जॉर्ज अग्रिकोला या जर्मन वैद्याने त्या समजुतींना हादरा दिला. योआखिम्सथाल या बोहेमियातील खाणगावात तो वैद्यकी करीत असे. १५४६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने असे मांडले की, खडक आधी आणि त्यांतील वाटा नंतर. त्या वाटांमधून फिरणाऱ्या द्रवांनी त्या पुढे भरून निघाल्या. १६६९ साली निकोलस स्टेनो या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञाने खडकांच्या थरांचा क्रम कसा लावावा याचे मूलभूत नियम सांगितले. थर मुळात आडवे व सलग असतात. ते कलते किंवा तुटलेले दिसले तर मागाहून काही घडले असे समजावे, हा त्याचा विचार. खडकांच्या भेगांत आढळणारी खनिजेही मागाहून तेथे आलेली आहेत, हे त्याने ओळखले होते. हाच स्टेनो पुढे कॅथलिक धर्मगुरू व बिशप झाला आणि १९८८ साली त्याला धन्यवादित घोषित करण्यात आले. आपल्या वाचकांना त्याचे नाव त्या नात्याने परिचित असेल.

‘खडक आधी, भेग नंतर, धातू त्याहून नंतर’ हा क्रम ध्यानात ठेवावा. पुढील सारा विचार त्यावर आधारलेला आहे.

आता शीर कशी घडते ते थोडक्यात पाहू. सोन्याचेच उदाहरण घेतो. भूपृष्ठाखाली अनेक किलोमीटर खोलीवर, तीनशे-चारशे अंश सेल्सिअस तापमानात, खडकांमधून पाणी बाहेर पडत असते. ते निर्मळ पाणी नव्हे. त्यात कार्बन डायॉक्साइड असतो, गंधक असतो, विरघळलेली सिलिका असते, आणि गंधकाच्या आधाराने विरघळलेले अत्यल्प सोने असते. किती अल्प? हजार लिटर पाण्यात मिलिग्रॅमांत मोजावे इतके. समजा ते दहा मिलिग्रॅम धरले, तर दहा ग्रॅमच्या एका तोळ्यासाठी दहा लाख लिटर पाणी एकाच जागेवरून जावे लागेल, आणि त्यातील सोन्याचा कण न् कण तेथेच राहावा लागेल. प्रत्यक्षात सगळे काही राहत नाही. पाणी आपल्याजवळचे बरेचसे घेऊन पुढे निघून जाते.

एवढ्या पाण्याला वाट हवी. सलग खडकातून ते जाऊ शकत नाही. ही वाट भ्रंश देतो. पण भ्रंशाची रेषा कधीच सरळ नसते. तुटलेल्या कौलाचे दोन नागमोडी तुकडे एकमेकांवर घासून थोडे सरकवून पाहावेत; एका वळणावर ते घट्ट दाबले जातात आणि दुसऱ्या वळणावर त्यांच्यात पोकळी पडते. भ्रंशाचेही तसेच होते. जेथे पोकळी पडते तेथे दाब एकदम उतरतो आणि पाण्यात विरघळलेले पदार्थ बाहेर पडू लागतात. आपण ज्याला गारगोटी म्हणतो त्या क्वार्ट्झने पोकळी भरत जाते, आणि नशीब असेल तर त्या पांढऱ्या क्वार्ट्झमध्ये सोन्याचे बारीक कण अडकतात.

हे एकदा घडून भागत नाही. १९८८ साली रिचर्ड सिब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या क्रियेचे जे स्पष्टीकरण दिले, ते स्वयंपाकघरातील कुकरच्या शिटीसारखे आहे. भरून निघालेला भ्रंश झाकणासारखा बंद असतो. त्याखाली पाण्याचा दाब वाढत राहतो. तो असह्य झाला की भ्रंश सरकतो, भूकंप होतो आणि पाणी वर उसळते. दाब उतरतो, क्वार्ट्झ जमतो, वाट पुन्हा बंद होते. मग पुन्हा दाब वाढू लागतो. शिरेचा तुकडा हाती घेऊन पाहिला तर त्यात कित्येकदा पातळ पातळ पट्टे दिसतात; एकेक पट्टा म्हणजे एकदा तुटणे आणि एकदा भरून येणे. हे शेकडो, हजारो वेळा व्हावे लागते. भूकंपाच्या क्षणी पोकळीतील पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन सोने खाली बसू शकते, असे गणित २०१३ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी मांडले. २०२४ साली तेथीलच संशोधकांनी दाखविले की भूकंपाच्या ताणाने क्वार्ट्झमध्ये वीज निर्माण होते, आणि त्या विजेमुळे द्रावणातील सोने बाहेर पडून आधीच बसलेल्या सोन्याच्या कणावर जाऊन बसते. जेथे थोडे आहे तेथेच अधिक जमते.

एवढे शास्त्र पुरे. आता त्या प्राध्यापकांच्या प्रश्नाकडे वळू. माझ्या दाखल्यात खोटे काही नव्हते. पण त्यात इतके काही वगळलेले होते की तो खोट्याच्या जवळ गेला होता.

पहिली गोष्ट अशी की, भेग सोने निर्माण करीत नाही. ती केवळ जागा देते. सोने येते ते दुसरीकडून, फार खोलवरून आणि फार दुरून. ते आणते पाणी. दुःख माणसाला थोर करते, असे आपण सहज म्हणून जातो. दुःख कोणालाही थोर करीत नाही. दुःख एक पोकळी पाडते. त्या पोकळीत पुढे काय वाहत येईल, यावर सारे अवलंबून असते. कोणाच्या पोकळीत शेजाऱ्यांची माया येते, कोणाच्या पोकळीत लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकलेल्या गोष्टी वर येतात, आणि कोणाच्या पोकळीत नुसता चिखल भरतो. भूशास्त्रातही अशा चिखलाने भरलेले भ्रंश ठायी ठायी आढळतात. घासलेल्या खडकाचे पीठ होते, त्याची चिकणमाती बनते, आणि तीच पुढे पाण्याची वाट अडवून धरते. अशा भ्रंशातून काही येतही नाही आणि जातही नाही. मनात कडवटपणा साचलेली जी माणसे आपण पाहतो, त्यांना दोष देण्यापूर्वी त्यांच्यापर्यंत पाणी कधी पोहोचले होते काय, हे विचारावयास हवे.

दुसरी गोष्ट प्राध्यापकांच्या प्रश्नाचे थेट उत्तर आहे. नाही, प्रत्येक तड्यात सोने सापडत नाही. बहुतेक सर्व तडे रिकामे, किंवा साध्या क्वार्ट्झने, कॅल्साइटने वा मातीने भरलेले असतात. सोने असलेला भ्रंश हा अपवाद आहे. आपल्याला तो नियम वाटतो, कारण खाण तेथेच खणली जाते, नकाशावर नाव तेथेच येते आणि भाषणात दाखला त्याचाच दिला जातो. रिकाम्या तड्यांवर कोणी भाषण करीत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र संपत असताना, किल्लारीच्या परिसरात जमिनीखालचा एक भ्रंश सरकला. त्या प्रदेशाला आपण स्थिर समजत होतो. काही क्षणांत दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसे मेली. त्या भ्रंशातून कोणासाठी कोणते सोने वर आले? पुनर्वसनाची गावे उभी राहिली, भूकंपरोधक बांधकामाची जाणीव वाढली, भूकंपमापनाची यंत्रणा सुधारली, हे सर्व खरे आहे आणि चांगले आहे. पण ते त्या भ्रंशाने दिले नाही. ते नंतर धावून आलेल्या माणसांनी दिले. आणि त्या पहाटेवाचूनही ते देता आले असते.

तिसरी गोष्ट अनुभवी खाणतज्ज्ञच सांगू शकतो. अनेक सुवर्णक्षेत्रांत शेकडो किलोमीटर लांबीचा एखादा प्रचंड भ्रंश असतो. पण खाणी बहुधा त्याच्यावर नसतात. त्या असतात त्याच्या आसपासच्या लहान, दुय्यम भेगांवर. मोठा भ्रंश पाण्याला वाट करून देतो, आणि साठवण होते ती बाजूच्या छोट्या चिरांमध्ये. कुटुंबातही मी हे पाहिले आहे. ज्याच्यावर घाव पडला तो कधी कधी आयुष्यभर रिताच राहतो, आणि त्या घावाच्या धक्क्याने ज्यांना लहानशी चीर गेली, त्या बहिणीत, भाच्यात, शेजारणीत पुढे एक मऊपणा, एक समज आलेली दिसते. तेव्हा ‘तुमच्या दुःखाने तुम्हाला काय दिले?’ असे घायाळ माणसाला विचारणे अन्यायाचे आहे. त्याने काही मिळविलेच पाहिजे, असा त्याच्यावर हिशेब लादला जातो. एक तर मुलगा गेला, आणि वर त्यातून शहाणे न झाल्याचा दोष!

चौथी गोष्ट अप्रिय आहे, पण सांगितली पाहिजे. भ्रंश शिरेला जन्म देतो तसा तिचा घातही करतो. खाणकामगार शिरेच्या मागे मागे बोगदा खणत जातो आणि एके दिवशी समोर एकदम निराळा खडक येतो. शीर नाहीशी झालेली असते. सोने बसून गेल्यानंतर पुन्हा जमीन सरकली आणि तिने शीर तोडून दुसरीकडे नेली. पहिल्या दुःखातून जे थोडे धैर्य जमले होते, ते दुसऱ्या दुःखाने तोडून टाकल्याची उदाहरणे आपल्या प्रत्येकाच्या माहितीत असतील. तुटण्याच्या शक्तीला सोन्याविषयी काही ममत्व नसते.

येथवर आपण खडकाबद्दल बोललो. आता माणसांनी त्या खडकाचे काय केले ते पाहिले पाहिजे, कारण भेग आणि सोने यांचा हिशेब तेथे अधिकच बिघडतो. आपल्या देशातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कर्नाटकातील कोलारचे आहे. उत्तर-दक्षिण पसरलेला सुमारे ८० किलोमीटर लांबीचा हा खडकांचा पट्टा अडीचशे कोटी वर्षांहून जुना. त्यातील खडक खोलवरच्या उष्णतेत रगडले गेले, ओढले गेले, आणि त्या रगडलेल्या पट्ट्यांत क्वार्ट्झच्या शिरा बसल्या. चॅम्पियन या नावाने ओळखली जाणारी शीर ही त्यांतील सर्वांत संपन्न. तिची जाडी ठिकठिकाणी जेमतेम मीटरभर. पण तिच्या मागे माणूस जमिनीखाली तीन किलोमीटरहून अधिक उतरला. १८८० पासून ब्रिटिश कंपन्यांनी येथे काम सुरू केले. २००१ च्या फेब्रुवारीत खाणी बंद होईपर्यंत सुमारे ८०० टन सोने येथून निघाले.

त्या खोलीवर खडकाचे तापमान साठ अंशांच्या वर असे. वरच्या खडकाचा भार असा की, खणलेल्या पोकळीच्या भिंती कधी कधी तोफेसारखा आवाज करून फुटत. खाणकामगार त्याला ‘रॉकबर्स्ट’ म्हणत. माणसाने नव्याने पाडलेले भ्रंशच होते ते; त्यांत सोने नव्हते, दबलेली माणसे होती. छिद्रे पाडताना उडणारी क्वार्ट्झची धूळ फुप्फुसांत बसे. १९४० च्या दशकातील पाहणीत तपासलेल्या कामगारांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणांना सिलिकोसिस झालेला आढळला. जो क्वार्ट्झ सोन्याला धरून ठेवतो, तोच फुप्फुसाला जखमा करतो. हे कामगार मुख्यतः तमिळ व तेलुगू मुलखांतून आलेले, आणि त्यांत दलितांची संख्या फार मोठी. स्वातंत्र्यापूर्वी सोन्याचा नफा जात होता लंडनला. आज तेथे सायनाइडमिश्रित मातीचे डोंगर उभे आहेत, आणि कामाच्या शोधात तेथील माणसे रोज पहाटेच्या गाडीने बंगळूरला जातात.

खडकात जेथे भेग तेथेच सोने असते. समाजात भेग एकाच्या छातीत पडते आणि सोने दुसऱ्याच्या तिजोरीत जाते. म्हणून ‘त्यागातूनच समृद्धी येते’ असे वाक्य कोणी उच्चारले की, त्याग कोणाचा आणि समृद्धी कोणाची, हे आधी विचारावे. ज्या अग्रिकोलाने शिरांची उत्पत्ती सांगितली, त्याने हेही पाहिले होते. १५५६ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या खाणविद्येच्या ग्रंथात त्याने फुप्फुसे खाणाऱ्या धुळीविषयी लिहिले आहे, आणि कार्पेथियन पर्वतातील खाणगावांत सात सात नवरे गमावलेल्या स्त्रियांचा उल्लेख केला आहे. शिरेची विद्या आणि विधवांची मोजणी त्याने एकाच ग्रंथात ठेवली. मी मात्र तीस वर्षे पहिला भाग शिकविला आणि दुसऱ्याचा उल्लेखही केला नाही.

कोलारच्याच खाणीत आणखी एक गोष्ट घडली. १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी, जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर उपकरणे ठेवून वातावरणात उत्पन्न होणाऱ्या न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांची नोंद केली. जगातील ती पहिल्या नोंदींपैकी एक होती. एवढी खोल खाण नसती तर भारतात हा प्रयोग होऊ शकला नसता. ज्ञानाचे हे सोने खरेच आहे. परंतु न्यूट्रिनो सापडावेत म्हणून ते कामगार खडकाखाली दबले, असे म्हणावयास कोणाची जीभ धजेल काय? तसे म्हणता येत नाही, याचे कारण स्पष्ट आहे. ‘भेग पडली, आणि पुढे तीत सोने आले’ हे एक वाक्य आहे. ‘सोने यावे म्हणून भेग पडली’ हे दुसरे. पहिल्यात घडलेल्या गोष्टींचा क्रम आहे, दुसऱ्यात हेतू आहे. पहिले वाक्य खरे असूनही दुसरे खोटे असू शकते. माझी चूक ही होती की, मी त्या बापाला पहिल्या वाक्याच्या आडून दुसरे सांगितले.

यावर एक आक्षेप येईल, आणि आपल्या वाचकांकडून तो यावा हे स्वाभाविक आहे. पुनरुत्थानाच्या रात्री, मेणबत्तीच्या प्रकाशात, आपल्या उपासनेत मानवाच्या आद्य भ्रंशालाच धन्य म्हटले जाते. मग नाशातून येणाऱ्या मंगलाबद्दल बोलू नये असे कसे म्हणता येईल? हा आक्षेप मी वरचेवर मनात घोळविला आहे. मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे तेथे गाणारा स्वतःच्या, आपल्या सर्वांच्या अपराधाविषयी गातो; समोर बसलेल्या दुसऱ्या कोणाच्या आपत्तीविषयी नव्हे. दुसरे म्हणजे ते गाणे शुक्रवारी गाइले जात नाही. शुक्रवारी वेदी उघडी असते. मधला शनिवार गप्प राहण्याचा असतो. मी त्या घरी गेलो तेव्हा तेथे शुक्रवारच चालू होता.

मग भेगेच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाने काय करावे? शिरेकडे पुन्हा एकदा नीट पाहिले तर तीच काही सुचविते. शीर म्हणजे उघडी भेग नव्हे. भरून आलेली भेग. सोने बसते ते तुटण्याच्या कामी नव्हे, तर बुजण्याच्या कामी. आणि बुजविणाऱ्या त्या पाण्यात सोने जवळजवळ नसतेच. लाखो लिटर पाणी येते, बहुतेक सारे काही न ठेवता निघून जाते. मृत्यू झालेल्या घरी काही दिवस चूल पेटत नाही आणि शेजारच्या घरांतून डबे येतात. कोणी येऊन नुसते बसते. कोणी दाखल्यासाठी कचेरीत हेलपाटे घालते. महिन्याने कोणी सहज डोकावते. वर्षाने कोणी त्या दिवसाची आठवण ठेवते. यांतील एकाही भेटीत मोजावे असे सोने नसते. पण त्या थांबल्या तर सोने येण्याची उरलीसुरली शक्यताही संपते. आणि त्या चालू राहिल्या तरी सोने येईलच याची हमी नाही. हमी नसताना जात राहणे, एवढेच आपल्या हाती असते. त्याचे मोल पुढे काय निष्पन्न झाले यावर ठरत नाही.

आणि ज्याच्या भेगेत खरोखर काही जमले असेल, त्याने ते स्वतः सांगावे. ‘त्या आजाराने मला माणसे ओळखावयास शिकविले’ असे आजारी माणूस म्हणतो तेव्हा ती साक्ष असते आणि ती आदराने ऐकावी. तेच वाक्य धडधाकट माणूस आजाऱ्याला ऐकवतो तेव्हा तो उपदेश होतो, आणि बहुधा निर्दय उपदेश होतो. शब्द तेच असतात. फरक असतो तो कोण बोलतो याचा.

त्या प्राध्यापकांना मी पुढे बरीच वर्षे भेटत राहिलो, पण त्या प्रश्नाचा विषय आमच्यात निघाला नाही. माझ्या निवृत्तीनंतर एका संध्याकाळी मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. मनाचा हिय्या करून म्हणालो, “सर, तुम्ही मागे मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. बहुतेक भेगा रिकाम्याच राहतात.”

कोणता प्रश्न, असे त्यांनी विचारले नाही. थोडा वेळ ते समोरच्या अंगणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “हे तुम्ही त्याच दिवशी सांगितलं असतंत, तर मला बरं वाटलं असतं.”

त्यानंतर आम्ही दोघेही काही बोललो नाही. अंधार पडू लागला तसे त्यांनी उठून ओसरीवरचा दिवा लावला आणि जेवूनच जा असा आग्रह केला. मी राहिलो.